सोळा पायऱ्या आणि डावा हात

डिसेंबर २०२२ मध्ये ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि शरीराची उजवी बाजू लुळी पडली. इजा मेंदूच्या डाव्या भागात झाल्यामुळे बोलणेही जवळजवळ गेले. समजते सगळे, पण तोंडातून येतात ते ‘हो’, ‘नको’, ‘पाणी’ असे मोजके शब्द. नाशिकच्या इंदिरानगरमधील आमचे रो-हाउस दोन मजली आहे. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि जिन्याखाली बसवलेले भारतीय पद्धतीचे अरुंद संडास, तर वर दोन खोल्या, कमोड असलेले न्हाणीघर आणि पांडवलेण्यांच्या डोंगराकडे तोंड करून असलेली गॅलरी. रुग्णालयातून आणल्यावर हॉलमधला सोफा हलवून तिथेच पलंग टाकला आणि पुढचे सात महिने ह्यांचे सगळे विधी, जेवणापासून स्पंजिंगपर्यंत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या देखत किंवा फार तर एका पडद्याआड होत राहिले. व्यायामामुळे जुलैपर्यंत चार पायांची काठी डाव्या हातात धरून, कमरेला कोणाचा तरी हात असताना, दहा-बारा पावले टाकता येऊ लागली. त्या सुमारास एका संध्याकाळी ह्यांनी डावा हात उचलून छताकडे बोट दाखवले. पंखा बंद करायचा आहे का, असे मी विचारले. ‘नको’ म्हणाले आणि पुन्हा बोट दाखवून म्हणाले, ‘वर.’

बंगळुरूला असलेल्या मुलाला हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “आई, बाबांना वर न्यायचंच कशाला? खालचंच बाथरूम मोठं करून घेऊ.” त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. गवंड्याला बोलावून विचारले. जिन्याखालची भिंत पुढे ओढून कमोड आणि शॉवर बसवण्याचा खर्च त्याने पावणेदोन लाख सांगितला. मात्र त्यात हॉलचा एक तृतीयांश भाग जात होता आणि पलंग होता तिथेच राहत होता. घरातल्या लिफ्टचाही विचार झाला. त्यासाठी वरचा स्लॅब तोडावा लागला असता, नेमक्या त्याच जागी तुळई होती, खर्च बारा लाखांच्या पुढे जात होता, शिवाय महाराष्ट्रात लिफ्टसाठी विद्युत निरीक्षकांची परवानगी घ्यावी लागते, तो व्याप वेगळाच. तो विचार एका आठवड्यात मागे पडला आणि उरला जिना, म्हणजे जिन्यावरून माणसाला बसवून वर नेणारी खुर्ची, स्टेअरलिफ्ट.

स्टेअरलिफ्ट म्हणजे काय, हे मला तोवर ऐकून माहीत होते. पायऱ्यांवर एक रूळ बसवतात, त्या रुळावर दातेरी पट्टी असते आणि खुर्चीखालच्या मोटरचे चाक त्या दात्यांत अडकून खुर्ची वरखाली नेते. माणूस भिंतीकडे पाठ करून आडवा बसतो. जिना सरळ असेल तर रूळ तयार मिळतो आणि लांबीनुसार कापून बसवतात. जिन्याला वळण असेल तर त्या एका जिन्यापुरता रूळ वाकवून घ्यावा लागतो, आणि किमतीतला सगळा फरक इथेच पडतो. आमचा जिना आठ पायऱ्या, मग चौक, उजवीकडे वळून पुन्हा आठ पायऱ्या, असा आहे. आम्हाला मिळालेल्या दरपत्रकांत सरळ रुळाची किंमत अडीच ते सव्वातीन लाख होती आणि वळणाच्या रुळाची सहा ते साडेआठ लाख.

पहिल्या कंपनीचा प्रतिनिधी आला आणि पंधरा मिनिटांत फितीने जिना मोजून गेला. त्याने पायऱ्या मोजल्या, रुंदी घेतली, मोबाइलवर चार छायाचित्रे काढली आणि रूळ आतल्या बाजूने, म्हणजे कठड्याला लागून, बसवावा असे सुचवले, कारण आतले वळण लहान असते, रूळ कमी लागतो आणि पैसे वाचतात. हे तेव्हा त्याच खोलीत पलंगावर पडून त्याच्याकडे पाहत होते. तो जाताना मला एवढेच विचारून गेला की पेशंटचे वजन १२० किलोपेक्षा जास्त तर नाही ना. माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्जविभागात झाली. कर्ज देताना आम्ही तारणाइतकेच कर्जदारालाही पाहत असू. इथे जिन्याची सगळी चौकशी झाली होती, पण ज्याला त्यावरून जायचे त्याची कोणीच केली नव्हती.

ह्यांना रोजच्या हालचाली पुन्हा शिकवायला आठवड्यातून दोनदा येणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टबाईंना मी ते दरपत्रक दाखवले. त्यांनी आकड्यांकडे पाहिलेही नाही. त्यांनी ह्यांना एका स्टुलावर भिंतीला पाठ टेकवून बसवले आणि भिंतीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंतचे अंतर मोजले. ते साडेतेवीस इंच भरले. खुर्चीची पाठ आणि रूळ मिळून भिंतीपासून पाच-सहा इंच खातात, म्हणजे गुडघे एकोणतीस इंचांवर येणार. आमच्या जिन्याची भिंतीपासून कठड्यापर्यंतची मोकळी रुंदी चौतीस इंच आहे. कागदावर पाच इंच शिल्लक दिसत होते. मग बाईंनी ह्यांना तसेच दहा मिनिटे बसू दिले. हळूहळू उजवा पाय, स्नायू ताठरल्यामुळे, आपोआप सरळ होत पुढे सरकला आणि ते पाच इंच संपले. त्या म्हणाल्या, “निरोगी माणसाचा गुडघा बसला की वाकलेलाच राहतो, ह्यांचा राहणार नाही. खुर्चीत बसताना पायाचा स्प्लिंट, म्हणजे आधाराचा साचा, घातलेलाच हवा आणि पायफळीचा पृष्ठभाग खरखरीत हवा.” पहिल्या कंपनीच्या माहितीपत्रकात पायफळी चकचकीत काळ्या प्लॅस्टिकची होती. ती दिसायला छान होती, हे मी कबूल करते.

त्यानंतरचा मुद्दा मला एका झटक्यात समजला नाही. बाईंनी मला जिन्यावर नेऊन दोनदा करून दाखवला. रूळ आतल्या बाजूने, कठड्याला लागून बसवला, तर वर चढताना माणसाच्या उजव्या हाताकडे जिन्याची वरची दिशा येते. वरच्या मजल्यावर पोहोचल्यावर खुर्ची फिरवून माणसाचे तोंड खोलीकडे करतात, म्हणजे उतरताना पायांपुढे पायऱ्यांची दरी येत नाही. तशी खुर्ची फिरवली की कठडा येतो उजव्या हाताला, आणि डाव्या हाताला काहीच नसते. ह्यांच्याजवळ धरायला एकच हात आहे आणि तो डावा. उलट रूळ बाहेरच्या भिंतीने नेला, तर वर पोहोचून खुर्ची डावीकडे वळते आणि पक्की भिंत बरोबर डाव्या हाताला येते. त्या भिंतीवर आडवा दांडा बसवला की उठताना तो हातात सापडतो. खाली आल्यावर कठड्याचा पहिला खांब समोर डावीकडे राहतो, म्हणजे तिथेही आधार डाव्या हातालाच. बाहेरच्या बाजूने रूळ लांब होत होता आणि किंमत पन्नास-साठ हजारांनी वाढत होती. जिन्यावरच्या त्या दीड मिनिटाच्या प्रवासात खुर्ची कोणत्याही बाजूला असली तरी फारसे काही बिघडत नाही. पडायचा धोका असतो तो पहिल्या आणि शेवटच्या दोन फुटांत, खुर्चीत बसताना आणि खुर्चीतून उठताना. हे लक्षात आल्यावर मी प्रत्येक कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारू लागले की तुमच्या खुर्चीवरून एका हाताचा माणूस कसा उतरतो. काहींनी विषय मोटरकडे वळवला.

याच कसोटीवर दोन स्वस्त पर्याय बाद झाले. एका विक्रेत्याने सुचवले की वळणाचा रूळ घेण्याऐवजी दोन सरळ खुर्च्या घ्याव्यात, एक चौकापर्यंत आणि दुसरी चौकापासून वर. खर्च दोन लाखांनी कमी झाला असता, पण मधल्या चौकात एका खुर्चीतून उठून दुसरीत बसायचे, म्हणजे दोनच्या ठिकाणी चार वेळा उठबस, आणि तीही दोन्हीकडे उतार असलेल्या साडेतीन फुटांच्या जागेत. दुसऱ्याचे लक्ष घराबाहेरच्या, गच्चीकडे जाणाऱ्या सरळ जिन्याकडे गेले. बाहेर बसवता येतील अशा, पाणी सोसणाऱ्या आणि आच्छादन असलेल्या खुर्च्याही मिळतात. मात्र तिथून आत येताना लागणाऱ्या वरच्या गॅलरीच्या दाराला सहा इंचांचा उंबरठा आहे आणि नाशिकचा जुलै-ऑगस्टमधला पाऊस आडवा येतो. ओल्या फरशीवर चार पायांची काठी टेकून उंबरठा ओलांडणे मला डोळ्यांसमोर आणवेना.

दुसऱ्या एका कंपनीने गंगापूर रस्त्यावरच्या त्यांच्या एका ग्राहकाचे घर, त्यांच्या संमतीने, पाहायला दिले. त्या घरच्या आजींनी सोप्या शब्दांत जे सांगितले, ते एकाही माहितीपत्रकात नव्हते. त्या म्हणाल्या, “खुर्ची चांगली आहे, पण पाऊलफळी उचलायला खाली वाकावं लागतं, ते कुणी सांगितलं नव्हतं. मी वाकू शकले असते तर खुर्ची कशाला घेतली असती?” काही खुर्च्यांत बैठक दुमडली की पायफळी आपोआप उचलली जाते किंवा हाताच्या टेकूवरच्या दांडीने ती उचलता येते; त्यासाठी थोडे जास्त पैसे पडतात. त्या जादा सोयीवर मी तिथल्या तिथे खूण केली. वरच्या मजल्यावर दुसरी चाकाची खुर्ची किंवा निदान दुसरी काठी कायमची लागते, हेही त्यांच्याच घरी कळले.

शेवटी उरलेल्या दोन कंपन्यांपैकी एकीच्या मुंबईतल्या दालनात आम्ही ह्यांना गाडीने घेऊन गेलो. तीन-साडेतीन तासांचा प्रवास करवावा की नाही, यावर घरात दोन दिवस वाद झाला, पण तो प्रवास सार्थकी लागला. ह्यांना खुर्चीत बसवून पट्टा लावायला सांगितले, तेव्हा विक्रेता मुलगा सवयीने पुढे झाला. थेरपिस्टबाईंनी आधीच बजावल्यामुळे मी त्याला थांबवले. पट्टा गाडीच्या सीटसारखा होता आणि तो अडकवण्याची खाच उजवीकडे, मांडीच्या खाली दबलेली होती. डाव्या हाताने ती सापडेपर्यंत ह्यांचे तोंड कोपाने लाल झाले. खाच डावीकडे घेता येते का, असे विचारल्यावर येते असे उत्तर मिळाले, पण ते मागणीपत्रात लिहून घ्यावे लागले. चालवायची कळ डाव्या हाताच्या टेकूवर बसवून देण्यात मात्र कोणालाच अडचण नव्हती. ही कळ दाबून धरलेली असेपर्यंतच खुर्ची चालते. हात सुटला की थांबते. ह्यांना हा भाग लगेच आवडला. खुर्ची हळूच सुटते आणि हळूच थांबते, वळणावर अधिक मंद होते. ह्यांचा तोल उजवीकडे झुकतो, म्हणून सुटताना झटका बसतो का ते मी तीन वेळा पाहिले. मग मी माझी चप्पल काढून रुळाशेजारच्या पायरीवर ठेवली. पायफळीची कड चपलेला लागली आणि खुर्ची जागच्या जागी थांबली. विक्रेता मुलगा हसला. मी मात्र ते हसण्यावारी नेले नव्हते, कारण आमच्या जिन्यावर रोज बादली, झाडू आणि सुट्टीत नातवंडांच्या गाड्या असतात.

प्रमाणपत्राबद्दलही विचारले. स्टेअरलिफ्टसाठी युरोपात ईएन ८१-४० नावाचे मानक आहे. त्यात वेगाची कमाल मर्यादा सेकंदाला ०.१५ मीटर ठेवलेली आहे. आमच्या खुर्चीचा वेग सेकंदाला साधारण ०.१ मीटर आहे. त्या मानकाचे प्रमाणपत्र एका कंपनीने लगेच दिले, दुसरीने ‘पाठवतो’ म्हटले आणि पाठवले नाही.

आता पायऱ्यांविषयी, कारण त्याकडे आमचे अगदीच दुर्लक्ष झाले असते. रूळ भिंतीवर बसत नाही. तो ठरावीक अंतरावरच्या पायांवर उभा असतो आणि ते पाय पायऱ्यांना स्क्रूने आवळतात. विक्रेते हे ‘तुमच्या भिंतीला हात लागणार नाही’ असे अभिमानाने सांगतात. पण आमच्या पायऱ्यांवर काळा ग्रॅनाइट आहे, आणि त्याखाली काय आहे हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. आपल्याकडे पुष्कळदा जिन्याचा तिरका स्लॅब काँक्रीटचा ओततात आणि त्यावर पायऱ्यांचा आकार विटांनी देऊन वरून फरशी बसवतात. विटेत मारलेला फास्टनर वर्षभर हादरे बसल्यावर ढिला होऊ शकतो. आमच्या गवंड्याने एका पायरीच्या कोपऱ्यात, सहज दिसणार नाही असे, बारीक भोक पाडून पाहिले. लाल भुकटी आली, म्हणजे वीट. त्यामुळे कंपनीच्या तंत्रज्ञाला लांब बोल्ट आणि भोकात भरायचे रसायन वापरून पाय खालच्या काँक्रीटपर्यंत रोवावे लागणार होते. ग्रॅनाइटच्या गोल घासलेल्या कडेपासून भोक किती आत घ्यायचे, हेही आधीच ठरवून घेतले, नाहीतर कड उडते. ही गोष्ट रूळ येण्याच्या दिवशी उघडकीस आली असती, तर काय झाले असते याचा विचार मी करत नाही.

विजेची काळजी मुलाला होती, कारण वीज जाऊन बाबा मध्येच अडकले तर काय, हा त्याचा रोजचा फोनवरचा प्रश्न होता. खुर्ची घरच्या विजेवर चालत नाही, ती खुर्चीतच असलेल्या २४ व्होल्टच्या बॅटरीवर चालते, आणि वर किंवा खाली आपल्या जागी उभी असताना बॅटरी भरत राहते. वीज गेली तरी बऱ्याच फेऱ्या होतात. खुर्ची मध्येच सोडून ठेवली तर मात्र चार्जिंग होत नाही आणि ती कुरकुरल्यासारखी टिकटिकते. या बॅटऱ्या काही वर्षांनी बदलाव्या लागतात; त्या कुठे मिळतात, केवढ्याला मिळतात आणि बदलायला माणूस कुठून येतो, हे मी दोन्ही कंपन्यांना लेखी विचारले. एकीचा माणूस मुंबईहून येणार होता, दुसरीचा नाशिकमध्येच राहत होता. किमतीत चाळीस हजारांचा फरक होता आणि तो मी या एका कारणासाठी मान्य केला.

कराराचे कागद मी दोन रात्री वाचले. वळणाचा रूळ आमच्याच जिन्यासाठी वाकवलेला असल्यामुळे मागणी नोंदवल्यावर रद्द करता येत नव्हती आणि आगाऊ रक्कम परत मिळणार नव्हती. हे न्याय्यच आहे. पण मोजमाप चुकले तर जबाबदारी कोणाची, हे त्यात नव्हते. ते वाक्य मी घालून घेतले. पायऱ्यांवर खुणांचे कागद चिकटवून, पन्नासेक छायाचित्रे काढून केलेले त्यांचे मोजमाप त्यांचेच राहील आणि रूळ बसला नाही तर नवा ते देतील, असे लिहून दिल्यावर सही केली. आणखी एक प्रश्न मी विचारला आणि विचारताना मलाच जड गेले: पुढे खुर्ची लागेनाशी झाली, तर ती परत घ्याल का? समोरचा मुलगा जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “काकू, सरळ रूळ असता तर काहीतरी करता आलं असतं. वळणाचा रूळ भंगारातच जातो.” त्याने गोड खोटे बोलण्याऐवजी खरे सांगितले, याचा निर्णयात वाटा होता.

रूळ यायला नऊ आठवडे लागले. जानेवारी २०२४ मध्ये दोन तंत्रज्ञांनी दीड दिवसात काम संपवले. खालच्या टोकाला रूळ भिंतीबरोबर वळवून दीड फूट पुढे घेतला आहे, त्यामुळे खुर्ची पायऱ्यांच्या तोंडात उभी राहत नाही. वरच्या भिंतीवरचा दांडा बसवताना थेरपिस्टबाई मुद्दाम हजर होत्या. तंत्रज्ञाने ठरवलेली उंची त्यांनी ह्यांना खुर्चीतून उठायला लावून तीन इंचांनी खाली आणली. पट्ट्याची खाच मात्र मागणीपत्रात लिहूनही उजवीकडेच आली. ती बदलून यायला तीन महिने लागले, आणि तोवर पट्टा मी लावत होते व हे दर वेळी ‘नको’ म्हणत होते.

पहिल्या दिवशी वर गेल्यावर हे गॅलरीत तासभर बसून राहिले. मी खाली स्वयंपाकाला आले, तेव्हा वरून एकदाच, पण स्पष्ट, ‘पाणी’ अशी हाक आली. तेव्हापासून वरच्या टेबलावर एक तांब्या कायमचा ठेवलेला असतो.

अजून दोन गोष्टी जमलेल्या नाहीत. चढताना अधूनमधून उजवा हात मांडीवरून घसरून कडेला लोंबतो. आता हे कळ दाबण्याआधी डाव्या हाताने तो उचलून नीट मांडीवर ठेवतात, पण विसरलेच तर मला ओरडावे लागते. दुसरे म्हणजे कामाला येणाऱ्या मावशींना घरातून जाताना सगळी बटणे बंद करायची वर्षानुवर्षांची सवय आहे, आणि वीज वाचवण्याच्या त्यांच्या या शिस्तीत खुर्चीचे चार्जिंगही बंद होत असे. सलग दोन दिवस खुर्ची टिकटिकल्यावर कारण सापडले. आता त्या बटणावर मी लाल चिकटपट्टी लावली आहे आणि खाली ‘साहेबांची खुर्ची’ असे लिहून ठेवले आहे.